न दुखलेली टाच

टिक्, टिक् असा एक आवाज सकाळपासून बुटांच्या दुकानात फिरत होता. तो चालला की आवाज, तो थांबला की आवाज बंद. पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. कुणा गिऱ्हाइकाच्या टाचेचा असेल असं धरून तो खोकी उघडत राहिला, गुडघ्यावर बसत आणि उठत राहिला. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच बुटात वाजतंय ते. मगाचपासून ऐकतेय मी. नाल ठोकून घेतलीत की काय?" तो हसला. मागच्या गोदामात जाऊन खोक्यांच्या थप्पीवर टेकला आणि उजवा पाय मांडीवर घेऊन त्याने बुटाचा तळ पाहिला. टाचेच्या मधोमध खिळ्याचं डोकं चमकत होतं. आदल्या दिवशी सुतार फळ्या ठोकून गेला होता, त्याच्याच हातून पडलेला असणार. नखाने निघेना म्हणून पक्कड आणली. ओढला तसा खिळा निघत गेला, आता संपेल मग संपेल असं वाटावं इतका निघत गेला, आणि त्याचं पुढचं टोक ओलं होतं. मग त्याने बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. तो सोलून काढताना खालचं रक्त थोडं सुकलेलं, थोडं ताजं दिसलं. हे सगळं पाहून झाल्यावर तो दुखण्याची वाट पाहत बसला. एखाद्या माणसाला हाक मारावी आणि तो आता ओ देईल म्हणून थांबावं, तसा. काहीच आलं नाही. त्याने अंगठ्याने जखमेच्या कडेला दाबलं. दाबतोय हे अंगठ्याला कळत होतं, टाचेला कळत नव्हतं. उभा जन्म तो परक्यांच्या टाचा दाबत आला होता. तशीच ही एक.

"काय निघालं?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"खडा," तो म्हणाला.

जखमेवर रुमालाची घडी ठेवून त्याने पुन्हा मोजा चढवला, बूट घातला आणि बाहेर येऊन नव्या गिऱ्हाइकासमोर गुडघ्यावर बसला. समोरच्या बाईंना दिवस गेलेले होते, पाय सुजलेले होते. त्याने सवयीने त्यांच्या घोट्याच्या वर बोटाने दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. "शुगर निघालीये," त्या आपण होऊन म्हणाल्या, "पण बाळंतपण झालं की जाते म्हणे." "जाते," तो म्हणाला, आणि 'पण पुढे लक्ष ठेवावं लागतं' हे तोंडात आलेलं वाक्य त्याने गिळलं. हल्ली दिवसाला कुणी ना कुणी हे सांगतंच. तो या दुकानात लागला तेव्हा 'मऊ आणि रुंद' मागायला म्हातारी माणसं यायची, तीही क्वचित, आणि आवाज खाली घेऊन. आता त्या बुटांसाठी मालकांनी एक पूर्ण भिंत दिली होती. ऑफिसात दिवसभर बसून पोट सुटलेले तिशी-पस्तिशीतले लोक येत, पाय पुढे करत, आणि आडनाव सांगावं तितक्या सहज सांगत: शुगर आहे. कुणी म्हणे घरातच आहे, कुणी म्हणे नोकरीचं टेन्शन, कुणी म्हणे झोप नाही, कुणी म्हणे डॉक्टर सांगतात चाला, पण चालायचं कधी? तो मान डोलवायचा. त्याच्या पोटावर चरबी नव्हती. तो दिवसभर उभा असायचा, चालायचा, शंभर वेळा उठबस करायचा. ही भिंत आपल्यासाठी नाही, आपण या भिंतीवरचे बूट काढून देणारे, अशी त्याची एक खूणगाठ होती. ती कधी बांधली हेही त्याला आठवत नव्हतं. आता त्या बाईंच्या पायात बूट सरकवताना त्याला एकदम वाटलं, आपल्या बुटातलं रक्त वाढलं असेल तर ते आपल्याला कसं कळणार? फरशीकडे पाहावं लागेल. तो दर थोड्या वेळाने फरशीकडे पाहू लागला.

आईचं असंच झालं होतं. गुडघे दुखतात म्हणून तिने रबरी पिशवीत कढत पाणी भरून घेतलं, पिशवी सरकून पायाशी गेली, आणि ती तशीच गाढ झोपली. उठली ती त्याच्या ओरडण्याने. पावलावर मोठाले फोड होते आणि ती त्याच्याकडे पाहून म्हणत होती, "अरे, ओरडतोस काय? मला कुठे काय होतंय?" हे वाक्य ती पुढे वर्षभर म्हणत राहिली. त्याने पट्टी सोडली की म्हणायची, त्याने तोंड फिरवलं की म्हणायची. खोलीत एक वास असायचा, आंबूस, गोडसर, औषधाखालून वर येणारा. खिडकी उघडली तरी तो पडद्यात उरायचा. शेवटी पाय घोट्याच्या वरून काढला तेव्हा शुद्धीवर आल्या-आल्या तिने तेच म्हटलं, मला कुठे काय होतंय, आणि यावेळी ते खरंच होतं. तो तेव्हा दुकानात नवा होता. जोडातला एकच बूट विकत मिळतो का, असं आईने एकदा गमतीने विचारलं होतं, आणि तो हसू शकला नव्हता. पण खरी भीती आईची नव्हतीच. आई म्हातारी होती. माणसं म्हातारी होतात, झिजतात, हे मन कसंतरी मान्य करतं. मुलीचं तसं नव्हतं.

ठमी सात वर्षांची असताना सारखं पाणी पिऊ लागली. आधी सगळ्यांना कौतुक वाटलं, मग ती नळाला तोंड लावून प्यायला लागली, रात्री अंथरूण ओलं करायला लागली, आणि बघता-बघता तिची हाडं दिसू लागली. एका सकाळी ती उठेना. श्वास जोरजोरात चाललेला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. दवाखान्याच्या लांब बाकावर तो, बायको आणि सासूबाई ओळीने बसले होते. डॉक्टर आत गेल्यावर सासूबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "यांच्या घरात आहे ना. यांच्या आईला मधुमेह होता." तेव्हा बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली, आपल्या हातांकडे. ती काहीच बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही, आणि म्हणूनच ती नजर त्याच्यात राहून गेली. डॉक्टरांनी समजावलं होतं: हा वेगळा. आजीचा होता त्यात शरीर इन्शुलिन बनवतं पण ते पुरेसं लागू पडत नाही, वय, वजन, बैठं काम, घराणं, सगळ्याचा त्यात हात असतो. पोरीच्या शरीराने मात्र चुकून इन्शुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींना शत्रू समजून मारून टाकलंय. गोड खाल्ल्याने नाही, लाड केल्याने नाही, कुणाच्या चुकीने नाही. वेगळा, या एका शब्दाला तो जिन्याच्या कठड्यासारखा धरून राहिला. नातेवाइकांना, शाळेतल्या बाईंना, शेजाऱ्यांना, दर वेळी नव्याने तो सांगायचा, हिचा वेगळा. इतका की घरात त्याची थट्टा व्हायची. इन्शुलिन कसं टोचायचं, थरथर सुटली की किती साखर द्यायची, परीक्षेच्या दिवशी काय, तापात काय, हे सगळं तो शिकला. तिचं बोट धरून सुई मारण्यात त्याचा हात इतका हलका झाला की ठमी टीव्हीवरची नजर न काढता बोट पुढे करायची. एवढ्या वर्षांत घरात कायम मशीन होतं, पट्ट्या होत्या, सुया होत्या. आणि त्याने स्वतःचं बोट एकदाही टोचलं नव्हतं.

का नाही, हे त्याला आज बसमधून घरी जाताना पहिल्यांदा धड दिसलं, आणि दिसताच त्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. दुकानांच्या पाट्या, सिग्नल, भिंतीवरचे फाटलेले कागद. पण ते पुन्हा आलं. तो कोरा होता तोवर आई एकीकडे होती, ठमी एकीकडे, आणि मधे तो होता. निरोगी, रिकामा, दोघींना एकमेकींपासून तोडून ठेवणारा. त्याचीही शुगर निघाली असती तर आई, तो, ठमी अशी सरळ रेघ झाली असती. डॉक्टरांनी हजार वेळा वेगळा म्हटलं असतं तरी बायकोने पुन्हा एकदा मान वळवून पाहिलं असतं. तेवढ्यासाठी. रात्रीतून उठावं लागतं, ते वयामुळे. पायाला मुंग्या येतात, त्या उभ्या कामामुळे. चष्म्याचा नंबर कधी लागतो, कधी लागत नाही, तो चष्मेवाला बोगस. प्रत्येक गोष्टीला त्याने एकेक जागा शोधून दिली होती, जसे गोदामात जोड लावतात, नंबराप्रमाणे, कुणी विचारलं तर न बघता हात जावा असे. बस वळली तेव्हा त्याचा पाय कुणाच्या तरी पिशवीवर पडला. "अहो, पाय!" ती बाई म्हणाली. "माफ करा, कळलं नाही," तो म्हणाला, आणि 'कळलं नाही' या शब्दांनी त्याच्या अंगावर काटा आला.

घरी ठमीची बॅग पसरलेली होती. रविवारी ती दुसऱ्या शहरात नोकरीला जाणार होती, पहिलीच नोकरी. पलंगावर कपड्यांच्या घड्या, औषधांचा डबा, इन्शुलिन थंड ठेवायची पिशवी. बायको स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती, ते घेतलंस का, हे घेतलंस का, आणि ठमी एकाच सुरात हो, हो करत होती. तो सरळ न्हाणीघरात गेला. मोजा धुतला, पाण्याचा रंग जाईपर्यंत. टाच साबणाने धुतली, कापूस ठेवला, चिकटपट्टी लावली, सगळं कसं नीटनेटकं. रविवारपर्यंत. रविवारी ती गाडीत बसली की सोमवारी डॉक्टर. आता सांगितलं तर ती जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्यासारखीच हट्टी होती. तो बाहेर आला, पाणी प्यायला, खिडकी लावली, ठमीला वरच्या फळीवरचा डबा काढून दिला, कपाटाशी गेला, मग खुर्चीत बसून त्याने पेपर उघडला. एक जगभरातल्या आकड्यांची बातमी होती, गेल्या काही वर्षांत रुग्ण किती पटीने वाढले त्याची. त्याने घाईने पान उलटलं. न्हाणीघराचं दार वाजलं. मग काहीच वाजलं नाही. ही शांतता जरा लांबली तसं त्याने पेपराच्या वरून पाहिलं. ठमी बोळात उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती. न्हाणीघरापासून माठापर्यंत, माठापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून तिच्या पलंगापर्यंत, कपाटापर्यंत, आणि तिथून त्याच्या खुर्चीपर्यंत, दर दुसऱ्या पावलाला एक लाल ठसा होता. चिकटपट्टी केव्हाच निघून न्हाणीघराच्या उंबऱ्याला चिकटली होती. तो घरभर हिंडला होता आणि त्याला माहीत नव्हतं.

"बाबा, पाय वर कर."

"अगं काही नाही, खिळा लागला जरासा."

"केव्हा?"

केव्हा ते त्याला ठाऊकच नव्हतं. ती समोर जमिनीवर बसली, त्याची टाच तिने हातात घेतली, जशी तो दिवसभर लोकांची घेतो, आणि जखमेशेजारी नखाने टोचलं. "लागतंय?" तो गप्प. "इथे?" तो गप्प. तिचा चेहरा बदलत गेला तो त्याला पाहवेना. ती उठली, मशीन घेऊन आली. त्याने दोन्ही हात पेपराखाली घेतले होते. लहान मुलासारखे. "हात," ती म्हणाली. "ठमे, रविवारी तू—" "हात दे, बाबा." तिचाही हात हलकाच होता, टोचलेलं कळलंसुद्धा नाही, आणि न कळण्याने तो पुन्हा दचकला, मग बोटाच्या टोकाला बारीकशी चुणचुण आली आणि त्या चुणचुणीने त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मशीनवर आकडा आला. तीनशे सदतीस. असे आकडे त्याने तिचे पाहिले होते, आणि पाहून न घाबरता काय करायचं ते तो तिला शिकवत आला होता. आता तीही घाबरली नाही. ती चिडली.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. "मला कुणी विचारलं नव्हतं, हवाय का म्हणून. रोज टोचून घेतलं मी. शाळेत, सहलीत, सगळ्यांसमोर. आणि तुला फक्त बोट पुढे करायचं होतं रे. एकदा. मशीन इथेच होतं."

"घाबरलो होतो," तो म्हणाला.

"कशाला? पायाला?"

बायको ओले हात पदराला पुसत दारात आली होती. तिने जमीन पाहिली, मशीन पाहिलं. आणि मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हीच ती नजर, असं त्याला वाटलं, आणि एवढी वर्षं अडवून धरलेलं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. तो बाक, सासूबाईंचं वाक्य, तिने बघितलं ते. "तुला तेव्हाच वाटलं होतं, माझ्याकडूनच आलं तिला. आता तर काय, दिसलंच."

बायको खाली बसली, तिथेच, दारात. "मी बघितलं होतं?" ती म्हणाली. मग तिने आठवून पाहिलं. "हो. बघितलं होतं. तुम्हाला कळलंय का, ते बघत होते मी."

"काय कळलंय?"

"माझी थायरॉइडची गोळी. ठमीच्या आधीपासून घेतेय. तेव्हा कुठेतरी वाचलं होतं मी, हिच्यासारखा जो असतो ना, शरीर आपलं आपल्यावरच उठतं तो, त्याचं आणि थायरॉइडचं गोत्र एकच. आई तुमच्या घरावर ढकलून मोकळी झाली, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, हे आता म्हणतील, तुझ्यातूनच आलंय. तुम्ही म्हणाला नाहीत. मी रोज सकाळी ती गोळी तुमच्याकडे पाठ करून घेते, ते तुम्ही पाहिलं नाहीत कधी?"

त्याने पाहिलं होतं. लाजते, असं समजला होता. ठमी दोघांकडे आळीपाळीने बघत होती, तिच्या हातात अजून ती रक्त लागलेली पट्टी होती. "तुम्ही दोघं ना," ती म्हणाली. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता-हसताच रडायला लागली, आणि रडता-रडताच तिने कापूस आणून त्याची टाच बांधायला घेतली, घट्ट, निघणार नाही अशी. बायको फडकं ओलं करून ठसे पुसू लागली. तो खुर्चीत पाय वर धरून बसला होता. हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण भीती गेली नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती. आतापर्यंत ती बायकोच्या डोळ्यांत होती, आता ती त्याच्या टाचेत येऊन बसली, जिथे ती असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रक्त काढून घेतलं. रिपोर्ट पाहून म्हणाले, हे आजकालचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. तुमच्या आईंचा होता तोच प्रकार. "पण मी बारीक आहे," तो तक्रार केल्यासारखा म्हणाला, "दिवसभर उभा असतो." "बारीक माणसांनाही होतो," डॉक्टर म्हणाले, "घराणं असलं की जास्तच. आणि रोज माझ्याकडे तुमच्यासारखे येतात ज्यांना पत्ताच नसतो." ठमीबद्दल त्याने विचारलं नाही. बायकोने विचारलं, तिच्याबद्दल आणि स्वतःबद्दलही, सरळ, मान वर करून. डॉक्टरांनी दोघांनाही पुन्हा समजावलं, कुणी कुणाला दिलेलं नाही. दोघांनी ते ऐकलं, आणि ते खरं आहे हे त्यांना ठाऊकही होतं, आणि तरी परत येताना ती त्याचा दंड धरून चालत होती तो जरा जास्तच घट्ट.

ठमी म्हणाली, जात नाही. तो म्हणाला, जायचं. दोन दिवस या दोन शब्दांवर भांडण झालं, आणि ते भांडण घराला बरं वाटलं. शेवटी रविवारी ती गेली. तिला सोडायला तो फक्त खालच्या दारापर्यंत उतरला, कारण चालायला बंदी होती. गाडीत बसण्याआधी ती वाकली आणि सगळ्यांदेखत त्याच्या टाचेची पट्टी तिने तपासली. "काउंटरवर बसून करायचं काम मागून घे," ती म्हणाली. "मागितलंय," तो म्हणाला. ते खोटं होतं, पण संध्याकाळी मालकांना फोन करून त्याने ते खरं केलं.

सोमवारी पायांच्या डॉक्टरांकडे. या बाई वयाने ठमीहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी त्याला उंच टेबलावर झोपवलं, पाय उघडे केले, आणि एक काडी दाखवली, टोकाला नायलॉनचा ताठ दोरा. "हा मी वेगवेगळ्या ठिकाणी टेकवणार. डोळे मिटा. लागला की हो म्हणा. लागला नाही तर गप्प राहा, अंदाज करायचा नाही." बायको भिंतीकडच्या स्टुलावर बसली होती. त्याने डोळे मिटले. आत अंधार, आणि त्या अंधारात त्याचे पाय कुठे संपतात ते त्याला शोधता येईना. गुडघे होते, पिंढऱ्या होत्या, घोटे धूसर होते, आणि त्याच्या पुढे धुक्यात गेलेल्या रस्त्यासारखं काहीतरी. स्टूल करकरलं. बाईंच्या कोटाची बाही सरसरली. "हो," तो म्हणाला.

"अजून लावला नाही मी," बाई म्हणाल्या, रागावून नाही.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गप्प पडून राहिला. कानांनी ऐकायचं नाही, ठरवलं त्याने, बायकोच्या श्वासावरून ओळखायचं नाही. वेळ गेला. किती जागा होऊन गेल्या असतील? अंगठा झाला असेल, चवडा झाला असेल, टाच तर गेलीच. बायकोचा श्वास अडखळतो आहे का? ऐकायचं नाही. तो खाली खाली जात राहिला, आपल्याच पायात उतरत राहिला, कुलूप लावलेल्या खोल्यांची दारं एकेक ढकलून पाहावीत तसा, आणि कुठेतरी, फार लांब, काहीतरी हललं. मुंगीच्या पायाएवढं. आहे का? की हवंय म्हणून वाटतंय? घाम फुटला. चुकलं तर चुकलं.

"आता," तो म्हणाला. "आता काहीतरी आहे. खळग्यात. उजव्या पायाच्या, मधे."

बाईंनी काडी तिथेच धरून ठेवली.

"आहे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटूनच ठेवा. पुढे जाऊ."

भिंतीकडून बायकोचा दबलेला हुंदका आला. त्याने तो ऐकला, पण तिकडे लक्ष जाऊ दिलं नाही. श्वास रोखून, सगळं अंग तळव्यात आणून, तो पुढच्या स्पर्शाची वाट पाहू लागला.